छोट्या कौटुंबिक होजिअरी व्यवसायाचा इतिहास : चोपडीत न आलेली मजुरी आणि चोपडीत आलेले भाडे

सूतगुंडी (धागाकर्ता)

वस्त्रोद्योगाच्या इतिहासातील एका कोड्यावर येथे सविस्तर चर्चा व्हावी, अशी इच्छा आहे. मोजे विणण्याचे यंत्र विल्यम ली याने इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन येथे १५८९ साली तयार केले. आर्कराइटच्या सूतकताई यंत्राचे पेटंट त्यानंतर १८० वर्षांनी, १७६९ मध्ये निघाले. असे असूनही कापसाची कताई एकदोन पिढ्यांत घरातून उठून गिरणीत गेली, आणि मोज्यांचे विणकाम मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतांशी घराच्या माडीवर किंवा परसातल्या लहानशा खोलीत चालू राहिले. यंत्र इतके आधी आले असताना कारखाना इतक्या उशिरा का आला?

माझ्या मते याचे उत्तर त्या धंद्याच्या हिशेबात आहे. घरगुती होजिअरीला दोन गोष्टींनी धरून ठेवले होते. एक म्हणजे घरातल्या माणसांचे श्रम, ज्यांची मजुरी कोणत्याही चोपडीत मांडली जात नसे. दुसरी म्हणजे यंत्राचे भाडे, जे चोपडीत दर आठवड्याला न चुकता मांडले जाई. पहिल्या गोष्टीमुळे माल स्वस्त पडत होता, आणि दुसरीमुळे कारखाना काढण्याची निकड व्यापाऱ्याला भासत नव्हती.

ली याने हे यंत्र का केले याविषयी एक प्रेमकथा सांगितली जाते. तिला पुरावा नसल्यामुळे मी ती बाजूला ठेवतो. त्यापुढचा भाग आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. राणी एलिझाबेथने पेटंट नाकारल्यानंतर ली फ्रान्समध्ये रूआं येथे गेला. चौथ्या हेन्रीचा १६१० मध्ये खून झाला आणि ली याचा राजाश्रय संपला. ली याच्या मृत्यूनंतर त्याचा भाऊ जेम्स बहुतेक यंत्रे घेऊन इंग्लंडला परतला, आणि त्या परतलेल्या यंत्रांपासून इंग्लंडमधील हा धंदा पुढे वाढला. यंत्र एकाने केले, धंदा भावाने टिकवला. कौटुंबिक व्यवसायाच्या इतिहासात ही विभागणी वारंवार दिसते.

अठराव्या शतकातील एका सामान्य घराची रचना अशी होती. घरातला पुरुष, आणि मोठा झालेला मुलगा असल्यास तोही, यंत्रावर बसे. लहान मुले लडीवरचे सूत चाकाच्या साहाय्याने रिळावर गुंडाळून देत. यंत्रावर मोज्याचा सपाट तुकडा तयार होई. तो पाठीमागून शिवून त्याला पायाचा आकार देण्याचे काम बायको आणि मुली करत. उजेडासाठी खिडक्या लांबलचक असत, आणि अंधार पडल्यावर मेणबत्तीसमोर पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवून तिचा प्रकाश सुयांवर एकवटला जाई. सूत व्यापाऱ्याचे, यंत्र बहुधा दुसऱ्याच कोणाचे, आणि जागा, उजेड व माणसे घराची, अशी ही मांडणी होती. नॉटिंगहॅमशरमधील रडिंग्टन येथे १८२९ साली बांधलेले असे एक यंत्रघर संग्रहालय म्हणून आज जतन केलेले आहे.

यांत्रिक

आपण मांडलेले कोडे योग्य आहे, परंतु उत्तरात यंत्राच्या अंगभूत मर्यादेला जागा दिलेली नाही. सुरुवात तेथून व्हायला हवी असे मला वाटते.

मागावरच्या कापडात उभे आणि आडवे असे दोन धागे असतात, तर मोज्यात एकच धागा फासात फास अडकवत पुढे जातो. म्हणूनच तो ताणला जातो आणि पायाला बसतो. ली याच्या यंत्रात प्रत्येक टाक्याला स्वतंत्र सुई होती, आणि त्या सुईचे टोक लवचीक आकड्यासारखे मागे वळवलेले होते. पातळ पट्ट्या सुयांच्या मधून खाली दाबल्या गेल्या की सूत नागमोडी होऊन सुयांवर बसे. मग सुयांची टोके मिटवून जुना फास नव्या फासावरून ओढला जाई. हाताने विणणारा मिनिटाला साधारण १०० टाके घालत असे, तर ली याच्या यंत्रावर ते सुमारे ६०० पर्यंत जात, असे नेहमी सांगितले जाते. पहिल्या यंत्रात इंचाला ८ सुया होत्या, त्यामुळे जाड लोकरीचेच मोजे निघत. पुढे रेशमासाठी इंचाला २० सुयांपर्यंत मजल गेली.

आता मर्यादा पाहू. पोटरीपासून घोट्यापर्यंत मोजा अरुंद होत जातो. तो अरुंद करण्यासाठी कडेचे टाके उचलून आतल्या सुयांवर न्यावे लागत, आणि हे काम विणणारा आपल्या हाताने, नजरेच्या अंदाजाने करत असे. एकाच गतीने फिरणाऱ्या चाकाला सारखी पुनरावृत्ती जमते. हे थांबणे, उचलणे, सरकवणे त्याला जमत नव्हते. कताईत अशी अडचण नव्हती, म्हणून तिला पाणचक्की लगेच जोडता आली. आकार देण्याच्या क्रियेसह अनेक मोजे एकाच वेळी विणणारे, शक्तीवर चालणारे यंत्र विल्यम कॉटन याने लफबरो येथे तयार केले आणि त्याचे पेटंट १८६४ चे आहे. तोपर्यंत कारखाना काढला असता, तरी त्यात हातापायांनी चालणारी तीच यंत्रे एका छपराखाली आली असती, इतकेच.

हिशेबवही

यांत्रिक यांचे म्हणणे आकार देऊन विणलेल्या मालापुरते खरे आहे. परंतु गोल विणणारे यंत्र मार्क ब्रुनेल याने १८१६ मध्येच पेटंट केले होते, आणि गोल यंत्राला शक्ती जोडणे त्या मानाने सोपे होते. तरीही ते इंग्लंडमध्ये कित्येक दशके मागे राहिले. केवळ यांत्रिक अडचण हे कारण असते, तर स्वस्त मालासाठी तरी ते लवकर पसरायला हवे होते. त्यामुळे मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे, आणि भाड्याचा मुद्दा थोडा उलगडून सांगतो.

विणणारा आठवड्याचा माल देई तेव्हा त्याच्या मजुरीतून यंत्राचे भाडे आधी कापले जाई. दर यंत्राच्या प्रकारानुसार बदलत असे, पण साध्या यंत्राला आठवड्याला एक शिलिंगच्या आसपास ही सर्वसाधारण रक्कम होती. काम पूर्ण आठवड्याचे मिळो किंवा दोन दिवसांचे, भाडे पूर्णच द्यावे लागे. नीट राखलेले यंत्र पिढ्यान्‌पिढ्या चालत असल्यामुळे त्याची किंमत काही वर्षांत वसूल होई आणि त्यानंतर येणारे भाडे जवळजवळ निव्वळ नफा ठरे. मोज्यांशी काडीचाही संबंध नसलेले लोकसुद्धा यंत्रे विकत घेऊन भाड्याने देत, ते याच कारणाने.

याचा परिणाम विचित्र होता. व्यापाऱ्याजवळ दहा यंत्रांपुरते काम असेल, तर ते दहा घरांना पूर्ण देण्यापेक्षा वीस घरांना अर्धे-अर्धे देणे त्याला फायद्याचे पडे, कारण तेवढ्याच मोज्यांवर त्याला वीस भाडी मिळत. मंदीतही यंत्रांची संख्या वाढत गेली ती यामुळे. १८१२ च्या सुमारास देशात अंदाजे ३०,००० यंत्रे होती, आणि १८४४ मध्ये विल्यम फेल्किन याने केलेल्या मोजणीत ती ४८,००० च्या वर गेलेली आढळली. याच काळात विणणाऱ्यांची मजुरी घसरत होती. मालाला उठाव नसताना उत्पादनाची साधने वाढावीत, हे साध्या बाजारनियमाने समजत नाही. भाड्याचा रकाना पाहिला की लगेच समजते.

भाड्याशिवाय इतरही वजावट असे. सूत गुंडाळण्याचे, शिवणीचे, सुयांचे, मेणबत्त्यांचे, दुसऱ्याच्या यंत्रघरात बसायचे झाल्यास जागेचे, आणि गावातून शहरात माल नेणाऱ्या मध्यस्थाचे पैसे त्यातूनच जात. यांतले गुंडाळणे आणि शिवणे घरात झाले, तर तेवढे पैसे घरात राहत. कुटुंब एकत्र राबण्यामागे जिव्हाळा असेलही, पण हे गणित त्याहून ठोस होते.

निवांत

येथील सूर काहीसा एकांगी वाटतो. घरी काम करणाऱ्याला भोंग्याचा जाच नव्हता. शनिवारी माल द्यायचा, सोमवारी नवे सूत येईपर्यंत मोकळे राहायचे आणि मंगळवारपासून कामाला लागायचे, अशी त्यांची पद्धत होती. घराला लागून भाजीचा वाफा असे. आईवडील आणि मुले दिवसभर एकत्र असत. हीच माणसे पुढे कारखान्यात जायला नाखूश होती, याचा अर्थ त्या जीवनात काहीतरी राखण्याजोगे होते असा घ्यायला नको का?

हिशेबवही

राखण्याजोगे होते हे मान्य आहे, आणि ते राखण्यासाठी कुटुंबांनी किती किंमत मोजली, हेही नोंदलेले आहे. विणणाऱ्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मगरिज यांचा सरकारी आयोग नेमला गेला आणि त्याचा अहवाल १८४५ मध्ये आला. त्यातील साक्षींत पाच-सहा वर्षांची मुले सूत गुंडाळताना आणि लहान मुली रात्री उशिरापर्यंत शिवण घालताना दिसतात. सोमवारची मोकळीक खरी होती, पण तिची भरपाई गुरुवार-शुक्रवारच्या रात्री होत असे, आणि त्या रात्री सर्वांत लहान हातही जागे असत. ‘मोजे विणणाऱ्यासारखा गरीब’ हा वाक्प्रचार त्या प्रदेशात रूढ झाला होता.

या गरिबीचे एक कारण घराबाहेरचे होते आणि ते विसरता कामा नये. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पुरुषांच्या पोशाखात गुडघ्यापर्यंतच्या विजारीची जागा घोट्यापर्यंतच्या विजारीने घेतली. दिसणारी पोटरी झाकली गेली आणि लांब, नक्षीदार, महाग मोज्यांचा बाजार आटला. ज्या कुटुंबांकडे बारीक विणीचे कौशल्य होते, त्यांनाच याचा मोठा फटका बसला.

जिज्ञासू

एक शंका आहे. यंत्रे फोडणारे लडाइट याच भागातले होते असे वाचले आहे. जे लोक स्वतः यंत्रावर पोट भरत होते, ते यंत्रांच्या विरोधात कसे असतील?

हिशेबवही

ते यंत्रांच्या विरोधात नव्हते. निदान नॉटिंगहॅमच्या परिसरात तरी नव्हते. १८११ च्या मार्चमध्ये आर्नोल्ड येथे सुरुवात झाली आणि १८१२ च्या आरंभापर्यंत सुमारे हजार यंत्रे फोडली गेली. परंतु कोणती यंत्रे फोडायची याची निवड होत असे. मजुरी कापणाऱ्या, उमेदवारी पूर्ण न केलेली पोरे कमी पैशांत यंत्रावर बसवणाऱ्या, आणि रुंद यंत्रावर सपाट कापड विणून त्याचे तुकडे कापून मोजे शिवणाऱ्या मालकांवर रोख होता. कापलेल्या तुकड्याला बांधलेली कड नसते, त्यामुळे शिवण सुटली की तो उसवत जातो. असा माल बाजारात गेला की सगळ्याच मोज्यांचे नाव खराब होते, ही विणणाऱ्यांची तक्रार होती. ठरलेला पूर्ण दर देणाऱ्याच्या यंत्राला पुष्कळदा हात लावला जात नसे.

१८१२ मध्ये यंत्र फोडण्याला देहदंड ठेवणारा कायदा झाला. त्याला विरोध करताना कवी बायरनने २७ फेब्रुवारी १८१२ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये आपले पहिले भाषण केले. बायरनचे घराणे त्याच जिल्ह्यातले असल्यामुळे विषय त्याला परका नव्हता.

आपल्या विषयाशी याचा संबंध असा की, लहान घरगुती उत्पादकाची पत मालाच्या टिकाऊपणावर उभी होती. त्याचे नाव मोज्यावर नव्हते. व्यापाऱ्याने उसवणारा माल मिसळला, तरी सचोटीने विणणाऱ्याला स्वतःचा माल वेगळा दाखवता येत नव्हता.

टीप-शिवण

आतापर्यंतच्या चर्चेत यंत्रावर बसणारा पुरुष हाच धंद्याचा मध्यबिंदू धरला गेला आहे. धागाकर्त्यांनी चोपडीत न आलेल्या मजुरीचा उल्लेख केला, पण तो तेवढ्यावरच राहिला.

मोजा यंत्रावरून उतरतो तेव्हा तो मोजा नसतो. तो आकाराप्रमाणे विणलेला सपाट तुकडा असतो. त्याच्या दोन्ही कडांचे टाके एकमेकांसमोर आणून पायाला टोचणार नाही अशी बारीक शिवण घालणे, सुटलेला फास हुकाने वर आणून पुन्हा बसवणे, आणि दोन नग ताणून पाहून लांबीला सारखे निघालेले जोडीला लावणे ही कामे झाल्याशिवाय व्यापारी माल घेत नसे. यांतले जोडी लावण्याचे काम वरवर किरकोळ वाटते. एकाच सुतातून, एकाच हाताने विणलेले दोन मोजेसुद्धा दमट आणि कोरड्या दिवशी वेगळे उतरतात, आणि हे हाताला कळावे लागते.

शिवणीचा दर विणणाऱ्याच्या मजुरीतूनच द्यायचा असल्यामुळे, बायकोने शिवले तर तो दर कागदावर दिसतच नाही. बाहेरच्या बाईकडून शिवून घेतले तर दिसतो. म्हणून एखाद्या कुटुंबाच्या जुन्या वहीत एके वर्षी अचानक शिवणीचा खर्च उगवला, तर धंदा वाढला असे लगेच समजू नये. घरातल्या बाईचे आजारपण, बाळंतपण किंवा मृत्यू हे त्याचे कारण असू शकते. स्त्रियांचे श्रम या धंद्याच्या कागदपत्रांत असे अनुपस्थितीतूनच वाचावे लागतात.

आणखी एक गोष्ट. स्त्रिया यंत्रावर बसतच नसत असे नाही. विधवेने नवऱ्याचे यंत्र पुढे चालवण्याची उदाहरणे आहेत, आणि मंदीच्या काळात मुलीही यंत्रावर बसू लागल्या होत्या. परंतु त्यांची गणना बहुधा ‘मदत’ या सदरात होई.

भागभांडवल

कौटुंबिक होजिअरीची दुसरी बाजू मांडतो. या धंद्यातून काही घरे फार वर गेली, आणि ती कशी गेली हे पाहिले की लहान घरे का राहिली हेही उमगते.

जेडेडाया स्ट्रट हा मुळात शेतकऱ्याचा मुलगा आणि गाड्यांची चाके बनवण्याचे काम शिकलेला. त्याच्या बायकोचा भाऊ विल्यम वूलट मोज्यांच्या व्यापारात होता. उभ्या रेघांचे, अधिक ताणले जाणारे मोजे यंत्रावर विणता येतील का, हा प्रश्न वूलटकडून आला आणि स्ट्रटने जुन्या यंत्रापुढे सुयांची दुसरी रांग जोडून तो सोडवला. त्याची पेटंटे १७५८ आणि १७५९ ची आहेत. या मोज्यांवर मिळालेल्या पैशांतून स्ट्रट आणि सॅम्युअल नीड हे आर्कराइटचे भागीदार झाले, आणि १७७१ मध्ये क्रॉमफर्डची पाण्यावर चालणारी कताई गिरणी उभी राहिली. म्हणजे मोज्यांच्या व्यापारातले भांडवल विणकामाच्या कारखान्यात न जाता कताईच्या कारखान्यात गेले! व्यापाऱ्याला अडचण होती ती चांगल्या सुताची; विणणारी घरे तर मुबलक होती. धागाकर्त्यांच्या कोड्याचे एक उत्तर मला येथे दिसते.

दुसरे उदाहरण मॉर्ली बंधूंचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉनने लंडनमध्ये विक्री सांभाळली आणि रिचर्डने नॉटिंगहॅमकडे उत्पादन. पुढे ही पेढी देशातल्या सर्वांत मोठ्या होजिअरी पेढ्यांपैकी एक झाली, पण शक्तीवर चालणारी यंत्रे आल्यानंतरही घरी बसून विणणाऱ्यांना तिने बराच काळ काम दिले. दोन भावांनी बाजार आणि उत्पादन वाटून घ्यावे, ही रीत लहान पेढ्यांतही दिसते. बाजारात कोण बसतो यावर घरातला वरचष्मा कोणाचा, हे ठरत असे. माल कोणत्या मापाचा आणि रंगाचा हवा, ही बातमी ज्याच्याकडे आधी येते, त्याचे म्हणणे शेवटी चालते.

फिरती सुई

मी या व्यवसायात वाढलेला आहे, त्यामुळे १८७० नंतरच्या भागाबद्दल लिहितो, कारण चर्चा ऐकताना लहान कुटुंबांचा धंदा त्याच सुमारास संपला असे कोणाला वाटू शकेल.

१८७० च्या शिक्षण कायद्याने लहान मुले हळूहळू शाळेकडे गेली, आणि १८७४ च्या कायद्याने मजुरीतून यंत्रभाडे कापण्यास बंदी घातली. हे दोन्ही आधार निघाल्यावर हातयंत्रावरचे घर कोसळले, हे खरे. परंतु त्याच काळात एक वेगळे लहान घर उभे राहत होते. १८४० च्या दशकाच्या अखेरीस लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडने झडपेची सुई आणली. या सुईचे तोंड सूतच उघडते आणि सूतच मिटवते. ते मिटवण्यासाठी वेगळी दाबपट्टी लागत नाही. त्यामुळे यंत्र लहान, हलके आणि शिकायला सोपे झाले. आयझॅक लॅम्बचे सपाट विणणारे यंत्र अमेरिकेत १८६३ मध्ये पेटंट झाले, आणि त्यानंतर हाताने फिरवायची लहान गोल यंत्रे आली, ज्यांच्यावर टाचेसह पूर्ण मोजा निघू शकत होता. टाच घालताना अर्ध्या सुया थांबवून उरलेल्या अर्ध्यांवर पुढे-मागे विणायचे, ही युक्ती आजच्या संगणकीय यंत्रातही तीच आहे.

यापुढे व्यवसायाचे दोन फाटे झाले. स्त्रियांचे पारदर्शक लांब मोजे कॉटनच्या लांबलचक, महागड्या यंत्रांवर गेले आणि तेथे लहान कुटुंबाला शिरकाव उरला नाही. साधे पायमोजे मात्र गोल यंत्रावर राहिले, आणि लहान विजेची मोटार सहज मिळू लागल्यावर प्रत्येक यंत्र स्वतःच्या मोटारीवर चालू शकले. मोठ्या गिरणीने नवीन यंत्रे घेतली की जुनी विकायला निघत, आणि ती घेणारे बहुतेक वेळा त्याच गिरणीत यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर असत. सुट्या भागांचा साठा, कान आणि हात हेच त्यांचे भांडवल. कान म्हणतो ते अशासाठी की, एका सुईचे टोक वाकले की मोज्यावर उभी रेघ पडते, आणि ती डोळ्यांना दिसण्याआधी यंत्राच्या आवाजातला फरक जाणकाराला कळतो.

पंजा बंद करण्याचे काम यानंतरही दीर्घकाळ हातावरच होते. उघड्या पंजाचा एकेक फास काट्यांच्या चकतीवर नेमका बसवायचा आणि मग टीप घालायची, ही कामे नजरेची असल्यामुळे ती बायकांकडे, आणि पुष्कळदा घरी नेऊन, होत. टीप-शिवण यांनी जे सांगितले ते विसाव्या शतकातही फारसे बदललेले नव्हते.

पुढचा मोठा धक्का सुताचा आणि बाजाराचा होता. नायलॉनचे मोजे १५ मे १९४० रोजी अमेरिकेत सर्वत्र विक्रीस आले. नायलॉनला उष्णतेने आकार देता येतो. गोल विणलेली सरळ नळी पायाच्या साच्यावर चढवून वाफ दिली की ती आकार धरते. त्यामुळे टाके कमी करत आकार विणण्याची जी कला यांत्रिक यांनी वर सांगितली, तिची गरजच नाहीशी झाली आणि पाठीमागची शिवणही गेली. १९५९ मध्ये विजार आणि मोजे एकत्र असलेला प्रकार बाजारात आला, आणि १९६० च्या दशकात आखूड स्कर्टमुळे त्याने लांब मोज्यांची जागा घेतली.

बाजाराची गोष्ट त्याहून जुनी आहे. पूर्वी लहान उत्पादक घाऊक व्यापाऱ्याला माल देई आणि घाऊक व्यापारी दुकानांना. लेस्टरच्या कोरा या मोठ्या कौटुंबिक पेढीने १९२६ मध्ये मार्क्स अँड स्पेन्सरला थेट माल देण्यास सुरुवात केली, आणि तो मधला दुवा दुबळा होऊ लागला. साखळी दुकानाला एकाच रंगाचे, एकाच मापाचे, ठरल्या तारखेला हजारो डझन लागतात. लहान घराची ताकद नेमकी उलट, म्हणजे थोडा माल, वेगवेगळी मापे आणि तातडीचे काम यांत होती. त्यामुळे काही घरे मोठ्यांच्या उरलेल्या कामावर जगली, तर काहींनी गिर्यारोहक, खेळाडू, सैनिक, सुजलेल्या पायांचे रुग्ण असा खास गिऱ्हाईकवर्ग धरला. कापडाच्या आयातीवरील कोट्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था १९७४ पासून होती. २००४ च्या अखेरीस तिचा शेवटचा टप्पाही संपला. त्यानंतर टिकलेल्या घरांत खास गिऱ्हाईक धरणारीच अधिक दिसतात.

सूतगुंडी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. भागभांडवल यांचा सुताचा मुद्दा माझ्या मांडणीत नव्हता आणि तो महत्त्वाचा आहे. फिरती सुई यांच्या प्रतिसादावरून वारसाहक्काबद्दल एक विचार सुचला.

कताईची गिरणी भावांत वाटता येत नाही; तिचा दाब, पट्टे, इमारत सगळे एकमेकांत गुंतलेले असते. मोज्यांची यंत्रे मात्र सुटी असतात. आठ यंत्रे असतील तर दोन भावांना चार-चार मिळतात आणि दोन्ही घरे दुसऱ्याच दिवशी काम सुरू करू शकतात. वरवर ही सोय आहे. प्रत्यक्षात दोघांचा सूतवाला एक, दुरुस्ती करणारा एक आणि गिऱ्हाईकही एकच असते, त्यामुळे वाटणीनंतर पहिली स्पर्धा भावाशीच होते आणि भाव पाडण्याचा फायदा व्यापाऱ्याला मिळतो. ज्या घरांनी यंत्रांऐवजी कामे वाटली, म्हणजे एकाने विणणे घेतले, दुसऱ्याने रंगाई आणि वाफ देणे, तिसऱ्याने विक्री, ती घरे अधिक पिढ्या एकत्र राहिलेली दिसतात. मात्र त्यांचीही अडचण होती: विक्री पाहणाऱ्या भावाच्या मुलाला यंत्र येत नसे.

जिज्ञासू

शेवटचा प्रश्न विचारतो. एखाद्या लहान कुटुंबाच्या होजिअरीचा इतिहास कोणाला लिहायचा असेल आणि घरात जुन्या वह्यांचे बाड असेल, तर वाचायला सुरुवात कोठून करावी?

टीप-शिवण

विक्रीच्या वहीपासून करू नये, असे मी सुचवीन. विक्रीच्या वहीत व्यापारी जे दाखवू इच्छितो ते असते. सुयांच्या खरेदीच्या पावत्या आधी पाहाव्यात. सुया झिजतात आणि मोडतात, त्यामुळे त्यांचा खप यंत्रे खरोखर किती चालली हे सांगतो. पावतीवरचा सुईचा प्रकार कोणते यंत्र कधी आले हेही सांगतो. त्यानंतर सुताची उधारी पाहावी. सूतवाल्याने मुदत केव्हा वाढवून दिली आणि केव्हा रोख मागितली, यावरून घराची पत वर्षागणिक काढता येते.

मग विणलेल्या डझनांचा आकडा आणि शिवणीचा, पंजा बंद करण्याचा नोंदलेला खर्च शेजारी शेजारी मांडावा. डझनांच्या मानाने हा खर्च जेवढा कमी दिसेल, तेवढे काम घरातल्या बायकांनी केले आहे असे धरून चालावे, आणि घरात कोणी वयस्क बाई हयात असेल तर तो तक्ता घेऊन तिच्याकडे जावे. कोणत्या वर्षी घरात शिवणाऱ्या किती जणी होत्या, हे तिला सांगता येईल. वहीला येणार नाही.

फिरती सुई

यात एक भर घालतो. वह्यांबरोबर लाकडी किंवा धातूचे पायाचे साचे सापडले तर ते भंगारात देऊ नयेत. साच्यांची मापे आणि त्यांची संख्या पाहिली की कोणत्या वयाच्या गिऱ्हाइकासाठी किती माल निघत होता, हे विक्रीच्या वहीपेक्षा नेमके कळते. एखाद्या मापाचे साचे झिजलेले आणि दुसऱ्या मापाचे जवळजवळ कोरे असतील, तर कोणता माल नुसता यादीत होता, हेही तेथेच दिसते.